जर-तरचं इंग्रजी: औपचारिक पत्रात ‘विल’, ‘वुड’, ‘शुड’ कुठे आणि का

नोकरीच्या दुसऱ्याच महिन्यात मी एका ग्राहकाला पाठवायच्या पत्राचा मसुदा केला होता. त्यांची कागदपत्रं उशिरा आली आणि माल बंदरात अडकून पडला. मी लिहिलं होतं:

‘इफ यू वुड हॅव सेंट द डॉक्युमेंट्स ऑन टाइम, वी वुड हॅव क्लिअर्ड द कन्साइनमेंट.’

साहेबांनी पहिल्या ‘वुड हॅव’भोवती लाल शाईनं गोल केला आणि वर फक्त ‘हॅड’ एवढं लिहून कागद परत दिला. दुसऱ्या ‘वुड हॅव’ला त्यांनी हात लावला नाही. एक चूक आणि दुसरं बरोबर, हे कसं, ते विचारायचं धाडस मला झालं नाही. पुढे मी स्वतः कार्यालयीन पत्रव्यवहार शिकवू लागले, आणि मराठी माध्यमातून आलेली मुलंमुली नेमकी त्याच जागी अडखळताना वर्षानुवर्षं पाहिली. तेव्हा कारण लक्षात आलं. आपण मनात म्हणतो: ‘तुम्ही कागदपत्रं पाठवली असती, तर आम्ही माल सोडवला असता.’ अट सांगणारं क्रियापद ‘असती’, परिणाम सांगणारं ‘असता’. मराठी व्याकरणात याला संकेतार्थ म्हणतात, आणि तो दोन्ही बाजूंना सारखाच लागतो. इंग्रजीत अटीचं रूप वेगळं आणि परिणामाचं वेगळं. आपली मराठी पक्की असते, म्हणूनच ही चूक इतक्या सहज हातून होते.

शाळेत ‘मोडल ऑक्झिलरी’चा, म्हणजे ‘विल’, ‘वुड’, ‘कॅन’, ‘मे’ अशा सहायक क्रियापदांचा तक्ता पाठ केला, पण खरं पत्र लिहायला बसल्यावर हात थांबतो, अशांसाठी हा लेख आहे. पायऱ्या क्रमानं करा. दुसरी पायरी पक्की झाल्याशिवाय सहावीकडे जाऊ नका.

पायरी १: आधी मराठी वाक्य मोठ्यानं म्हणा

इंग्रजी शब्द शोधण्याआधी अट कोणत्या प्रकारची आहे ते ठरवायचं. प्रकार तीन.

उघडी अट: होईल किंवा होणार नाही, दोन्ही शक्य. ‘पैसे आले तर माल पाठवू.’

कल्पित अट: आत्ता तसं नाही, फक्त धरून चाललोय. ‘मी तुमच्या जागी असतो तर सही करणार नाही असं सांगितलं असतं.’

बंद झालेली अट: वेळ निघून गेली. ‘पैसे आले असते तर माल पाठवला असता.’

इथे मराठीचे दोन सापळे आहेत. पहिला असा, की उघड्या अटीत आपण भूतकाळाचं रूप वापरतो. ‘पैसे आले तर’ यातला ‘आले’ पाहा. पैसे अजून आलेले नाहीत, तरी ‘आले’. हे रूप जसंच्या तसं इंग्रजीत नेऊन ‘इफ द पेमेंट केम’ लिहिलं, की इंग्रजी वाचणाऱ्याला वाटतं, पैसे येण्याची तुम्हाला फारशी आशा नाही. इंग्रजीत अटीमधला भूतकाळ काळ दाखवत नाही, वास्तवापासूनचं अंतर दाखवतो. म्हणून उघड्या अटीला साधा वर्तमानकाळ: ‘इफ द पेमेंट अराइव्ह्ज’.

दुसरा सापळा अधिक खोल आहे. ‘असतो तर… केलं असतं’ हे मराठी वाक्य आजच्या कल्पनेलाही चालतं आणि काल हुकलेल्या गोष्टीलाही. ‘माझ्याकडे गाडी असती तर मी आलो असतो’ हे आज संध्याकाळच्या समारंभाबद्दल म्हणता येतं, गेल्या रविवारच्या लग्नाबद्दलही. संदर्भावरून ऐकणाऱ्याला कळतं. इंग्रजीत मात्र लिहिणाऱ्यालाच निवड करावी लागते. आजची गोष्ट असेल तर ‘इफ आय हॅड अ कार, आय वुड कम’, आणि गेल्या रविवारची असेल तर ‘इफ आय हॅड हॅड अ कार, आय वुड हॅव कम’. दोनदा ‘हॅड’ आला म्हणून घाबरू नका, दोन्ही हवेत. म्हणून या पायरीवर स्वतःला एकच प्रश्न विचारायचा: दार उघडं आहे, नुसतं चित्रातलं आहे, की बंद झालंय?

पायरी २: ‘इफ’च्या बाजूला ‘विल’ आणि ‘वुड’ ठेवायचे नाहीत

पुढचं सगळं या नियमावर उभं आहे. अटीच्या भागात भविष्यकाळ सांगण्यासाठी ‘विल’ येत नाही, आणि कल्पना सांगण्यासाठी ‘वुड’ येत नाही. ती दोन्ही कामं परिणामाच्या भागाची.

उघडी अट: ‘इफ द पेमेंट इज डिलेड, अ लेट फी विल बी चार्ज्ड.’

कल्पित अट: ‘इफ द पेमेंट वेअर डिलेड, अ लेट फी वुड बी चार्ज्ड.’

बंद झालेली अट: ‘इफ द पेमेंट हॅड बीन डिलेड, अ लेट फी वुड हॅव बीन चार्ज्ड.’

तिन्ही वाक्यं सलग पाच वेळा मोठ्यानं वाचा. अटीचा भाग एकेक पाऊल मागे सरकतो: ‘इज’, ‘वेअर’, ‘हॅड बीन’. परिणामाचा भागही त्याच्याबरोबर मागे सरकतो: ‘विल’, ‘वुड’, ‘वुड हॅव’. यामागे इतिहास आहे. ‘वुड’ हे मुळात ‘विल’चं भूतकाळी रूप, ‘कुड’ हे ‘कॅन’चं, ‘माइट’ हे ‘मे’चं, ‘शुड’ हे ‘शॅल’चं. म्हणजे कल्पनेत शिरताना इंग्रजी दोन्ही बाजूंची क्रियापदं भूतकाळात ढकलते, प्रत्येक बाजू आपापल्या परीनं.

‘पेमेंट’ हा शब्द एकवचनी असूनही वर ‘वेअर’ आलं, ते मुद्दाम. कल्पित अटीत ‘आय’, ‘ही’, ‘शी’, ‘इट’ या सगळ्यांना औपचारिक लेखनात ‘वेअर’ लागतं. बोलताना ‘इफ आय वॉज’ सर्रास ऐकू येतं आणि त्यात काही बिघडत नाही, पण अर्जात, कायदेशीर पत्रात किंवा परीक्षेत ‘इफ आय वेअर’च लिहा.

आणखी एक सवय इथेच सोडायची. मराठीत ‘जर’ आला की ‘तर’ हवाच, म्हणून आपण ‘इफ’नंतर ‘देन’ लिहितो. इंग्रजी पत्रात ‘देन’ची गरज नसते, त्याचं काम स्वल्पविराम करतो. अट आधी आली की तिच्यानंतर स्वल्पविराम द्या. परिणाम आधी आणि अट नंतर असेल तर स्वल्पविराम सहसा लागत नाही: ‘अ लेट फी विल बी चार्ज्ड इफ द पेमेंट इज डिलेड.’

पायरी ३: परिणामाच्या बाजूला कोणतं मोडल, ते वजन करून ठरवा

उघड्या अटीच्या परिणामात ‘विल’ एकटाच बसत नाही. तिथे ‘मे’, ‘कॅन’, ‘मस्ट’, ‘शुड’, ‘शॅल’ यांपैकी कोणीही बसू शकतं, आणि नेमकं कोण बसलंय यावर पैसे, हक्क आणि जबाबदाऱ्या ठरतात. शिकवताना मी याच ठिकाणी सगळ्यात जास्त वेळ थांबते.

‘इफ द गुड्ज आर डॅमेज्ड, वी विल रिप्लेस देम.’ बदलून देऊ, हे वचन झालं.

‘इफ द गुड्ज आर डॅमेज्ड, वी मे रिप्लेस देम.’ बदलून देऊही, नाही तर नाही. अधिकार आमच्याकडे.

‘इफ द गुड्ज आर डॅमेज्ड, द बायर मस्ट इन्फॉर्म अस विदिन 7 डेज.’ कळवावंच लागेल.

‘इफ द गुड्ज आर डॅमेज्ड, द बायर शुड इन्फॉर्म अस.’ कळवावं ही अपेक्षा. न कळवल्यास काय, ते हे वाक्य सांगत नाही.

मराठीतलं ‘कळवावे’ हे रूप विध्यर्थी. सरकारी पत्रात ते विनंतीही असतं आणि हुकूमही. म्हणून ‘कळवावे’चं ‘शुड’ करण्याआधी थांबा आणि विचारा, न कळवणाऱ्याचं काही नुकसान होणार आहे का? होणार असेल तर ‘मस्ट’.

‘शॅल’ आणि ‘मे’ यांचा फरक पाहायचा असेल तर आपल्या कायद्यांसारखा दुसरा धडा नाही. माहितीचा अधिकार अधिनियम 2005 च्या कलम 7 मध्ये अर्जावर निर्णय देण्यासाठी 30 दिवसांची मुदत आहे. त्याच कलमाच्या दुसऱ्या उपकलमाचा सांगाडा असा: इफ… ऑफिसर… फेल्स टू गिव्ह डिसिजन… शॅल बी डीम्ड टू हॅव रिफ्यूज्ड द रिक्वेस्ट. अटीत ‘फेल्स’, म्हणजे साधा वर्तमानकाळ. ‘विल फेल’ नाही. परिणामात ‘शॅल बी डीम्ड’, म्हणजे मुदतीत निर्णय दिला नाही की तो नकारच समजला जातो. त्यात अधिकाऱ्याला निवड नाही, आणि म्हणूनच अर्जदाराला पुढे अपिलात जाता येतं.

आता संविधानाचा अनुच्छेद 356 पाहा. तिथे अट अशी, की राज्याचं शासन संविधानाच्या तरतुदींनुसार चालवता येत नाही अशी राष्ट्रपतींची खात्री झाली तर. आणि परिणाम ‘द प्रेसिडेंट मे बाय प्रोक्लमेशन’ या शब्दांनी सुरू होतो. ‘मे’, ‘शॅल’ नव्हे. अट पुरी झाली तरी उद्घोषणा काढून राष्ट्रपती राजवट लावलीच पाहिजे असं बंधन नाही. शिवाय ‘मे’ म्हणजे मोकळं रान असंही नाही. अशा उद्घोषणेची न्यायालयीन तपासणी होऊ शकते, हे सर्वोच्च न्यायालयानं 1994 साली बोम्मई खटल्यात स्पष्ट केलं. तीन अक्षरी इंग्रजी शब्दावर राज्य सरकारांचं भवितव्य तोललं जातं, हे वर्गात सांगितलं की मुलं ‘मे’कडे वेगळ्या नजरेनं पाहू लागतात.

तुमच्या रोजच्या पत्रात ‘शॅल’ किती वापरायचं? करारनाम्यात आणि नियमावलीत भारतात ते अजून भक्कम आहे, आणि तिथं असेल तर ते बदलू नका. साध्या पत्रात बंधन सांगायला ‘मस्ट’ आणि वचन द्यायला ‘विल’ पुरेसं आहे. अमेरिकेत 2010 साली सरकारी लेखन सोपं करण्याचा कायदा आला, आणि तिथल्या संघीय मार्गदर्शक सूचनांमध्येही बंधनासाठी ‘शॅल’ऐवजी ‘मस्ट’ वापरण्याचा सल्ला आहे. मला तो पटतो.

पायरी ४: ‘वुड’ जपून खर्च करा

आपल्याकडे ‘वुड’ म्हणजे अधिक नम्र ‘विल’ असा समज फार पसरलाय. ‘आय वुड बी जॉइनिंग ऑन मंडे’, ‘द मीटिंग वुड बी हेल्ड ॲट 11’ अशी वाक्यं रोज दिसतात. परदेशातला वाचक असं वाक्य वाचून अडतो, कारण ‘वुड’ दिसला की तो न लिहिलेली अट शोधू लागतो. सोमवारी रुजू झाला असतात, पण कशामुळे अडलं? बैठक झाली असती, म्हणजे रद्द झाली का? ठरलेल्या गोष्टीला ‘विल’ लिहा. त्यात उद्धटपणा अजिबात नाही.

‘वुड’ शोभतो तो खरोखर कल्पना करताना: ‘अ लाँगर वॉरंटी वुड इन्क्रीज द प्राइस.’ इथे ‘इफ’ दिसत नाही, पण ‘दिली तर’ ही अट ‘अ लाँगर वॉरंटी’मध्येच दडलेली आहे. वाटाघाटीच्या पत्रात हे फार उपयोगी पडतं, कारण तुम्ही काहीही कबूल न करता शक्यता मांडता. ‘इफ यू ऑर्डर 500 पीसेस, वी विल ऑफर अ डिस्काउंट’ ही ऑफर झाली, ग्राहक ती धरून बसेल. ‘इफ यू ऑर्डर्ड 500 पीसेस, वी कुड ऑफर अ डिस्काउंट’ ही नुसती चाचपणी आहे. दोन्हींत चूक काही नाही. मात्र आपण यांपैकी काय पाठवतोय हे पाठवण्याआधी माहीत असायला हवं.

पायरी ५: होऊन गेलेल्या गोष्टीचं पत्र

तक्रार, खुलासा, दिलगिरी, नुकसानभरपाईची मागणी, ही सगळी पत्रं बंद झालेल्या अटीवर चालतात. अटीत ‘हॅड’ आणि क्रियापदाचं तिसरं रूप. परिणामात ‘वुड हॅव’, ‘कुड हॅव’ किंवा ‘माइट हॅव’ आणि तिसरं रूप. माझ्या त्या पहिल्या मसुद्याचं बरोबर रूप असं: ‘इफ यू हॅड सेंट द डॉक्युमेंट्स ऑन टाइम, वी वुड हॅव क्लिअर्ड द कन्साइनमेंट.’

पण आज मी ते असं पाठवणार नाही. त्यात ‘यू’ आहे, आणि दोष थेट समोरच्याच्या अंगावर जातो. कर्मणी करून पाहा: ‘इफ द डॉक्युमेंट्स हॅड बीन रिसीव्ह्ड ऑन टाइम, द कन्साइनमेंट कुड हॅव बीन क्लिअर्ड.’ वस्तुस्थिती तीच राहिली, बोट कोणाकडे दाखवलं नाही. ‘वुड हॅव’च्या जागी ‘कुड हॅव’ही मुद्दाम घातलं. ‘वुड हॅव’ म्हणजे नक्की सुटला असता, आणि तसं लिहिलं की ते सिद्ध करायची जबाबदारी आपल्यावर येते. ‘कुड हॅव’ म्हणजे सोडवणं शक्य होतं. ‘माइट हॅव’ म्हणजे कदाचित सुटलाही असता. जितकं सिद्ध करता येईल तितकंच मोडल वापरा.

काही वेळा चूक काल झालेली असते आणि भोग आज चालू असतो. तेव्हा अट कालची आणि परिणाम आजचा, असं वाक्य मिसळायला इंग्रजीत पूर्ण मुभा आहे: ‘इफ द नोटिस हॅड बीन सर्व्ह्ड इन मार्च, द मॅटर वुड नॉट बी पेंडिंग टुडे.’ शाळेतल्या तीन कप्प्यांच्या तक्त्यामुळे मुलांना हे चुकीचं वाटतं. ते चुकीचं नाही, उलट चांगल्या कायदेशीर पत्राची ती खूण आहे.

पायरी ६: ‘इफ’ काढून टाकायला शिका

इथून पुढे खरं औपचारिक इंग्रजी सुरू होतं, आणि मराठी माणसाला ते सोपं जायला हवं. आपल्याकडे ही सोय आधीपासून आहे. बोलताना आपण म्हणतो, ‘काही अडचण आली तर फोन करा.’ कार्यालयाच्या दारावर लिहितो, ‘अडचण आल्यास संपर्क साधावा.’ ‘जर-तर’ दोन्ही गेले आणि क्रियापदाला ‘-ल्यास’ लागलं. इंग्रजीतही तसंच होतं. ‘इफ’ जातो आणि त्याच्या जागी सहायक क्रियापद वाक्याच्या सुरुवातीला येतं. हे फक्त तिघांनाच करता येतं: ‘शुड’, ‘वेअर’ आणि ‘हॅड’.

‘शुड’ उघड्या अटीसाठी: ‘शुड यू रिक्वायर फर्दर इन्फर्मेशन, प्लीज कॉन्टॅक्ट द अंडरसाइन्ड.’ अधिक माहिती हवी असल्यास खाली सही करणाऱ्याशी संपर्क साधावा. हा ‘शुड’ म्हणजे ‘पाहिजे’ नव्हे. याचा अर्थ ‘यदाकदाचित तसं झाल्यास’ एवढाच. ‘तुम्हाला माहिती लागली पाहिजे’ असा अर्थ लावून गोंधळलेले विद्यार्थी मी कितीतरी पाहिलेत.

‘वेअर’ कल्पित अटीसाठी, पुढे ‘टू’ घेऊन: ‘वेअर द बँक टू रिफ्यूज द लोन, द प्रोजेक्ट वुड हॅव टू बी पोस्टपोन्ड.’ बँकेनं कर्ज नाकारलंच, तर. इथे ‘वॉज’ कधीच पुढे येत नाही.

‘हॅड’ बंद झालेल्या अटीसाठी: ‘हॅड वी बीन इन्फॉर्म्ड, वी वुड हॅव मेड अदर अरेंजमेंट्स.’

हे वापरताना चार गोष्टी सांभाळा. ‘शुड’ पुढे आल्यावर मूळ क्रियापद मूळ रूपातच राहतं: ‘शुड द ॲप्लिकंट फेल’, ‘फेल्स’ नव्हे. नकार असेल तर ‘नॉट’ कर्त्याच्या नंतर येतो आणि जोडून लिहायचा नाही: ‘हॅड वी नॉट रिसीव्ह्ड’ बरोबर, ‘हॅडन्ट वी रिसीव्ह्ड’ चूक. ‘इफ’ आणि ही उलटी रचना एकत्र येत नाहीत, म्हणून ‘इफ शुड यू’ असं कधीही लिहू नका. ‘इफ यू शुड रिक्वायर’ मात्र चालतं, कारण तिथे क्रम उलटलेला नाही. आणि एका पत्रात अशी उलटी रचना एकदा, फार तर दोनदा. ‘-ल्यास’नी भरलेली मराठी सूचना वाचताना जीव जसा गुदमरतो, तसाच इंग्रजी वाचकाचाही गुदमरतो.

परिणामात काय घालायचं, ते ‘शुड’ ठरवत नाही. ‘शुड यू रिक्वायर…’ नंतर ‘प्लीज’ चालतं, ‘आय विल’ चालतं, ‘यू मे’ही चालतं.

पायरी ७: आता नियमाचे अपवाद

दुसऱ्या पायरीवर मी सांगितलं, ‘इफ’च्या बाजूला ‘वुड’ नको. आणि तरीही इंग्रजी पत्रव्यवहारातल्या सगळ्यात सभ्य विनंतीत तो असतोच: ‘आय वुड बी ग्रेटफुल इफ यू वुड सेंड मी द फॉर्म.’

यात विरोधाभास नाही. इथल्या दुसऱ्या ‘वुड’चं काम काळ दाखवणं किंवा कल्पना दाखवणं नाही. तो समोरच्याची तयारी विचारतो. ‘आपण पाठवण्याची कृपा कराल तर आभारी राहीन’ यातलं ‘कृपा कराल’ म्हणजे तो ‘वुड’. म्हणून हा अपवाद माणसाकडे केलेल्या विनंतीपुरताच आहे. ‘इफ यू वुड सेंड’ बरोबर, ‘इफ द मशीन वुड वर्क’ नाही. ‘इफ यू कुड सेंड’ही तितकंच सभ्य आणि किंचित मोकळं आहे, मी बहुतेक वेळा तेच सुचवते. जुन्या सरकारी पत्रांत ‘आय शुड बी ग्रेटफुल’ दिसेल. ते ‘आय वुड बी ग्रेटफुल’चंच जुनं ब्रिटिश रूप. ओळखता आलं म्हणजे झालं.

‘कॅन’लाही ‘इफ’च्या बाजूला बंदी नाही, कारण त्याला स्वतःचा अर्थ आहे, जमणं: ‘इफ यू कॅन अटेंड, प्लीज कन्फर्म बाय फ्रायडे.’ तसंच ‘मस्ट’: ‘इफ द फी मस्ट बी पेड इन कॅश, प्लीज लेट मी नो.’ म्हणजे दुसऱ्या पायरीचा नियम नेमका असा: नुसता काळ किंवा कल्पना दाखवायला अटीत मोडल नको. जमणं, तयारी, सक्ती असा स्वतंत्र अर्थ असेल तर चालेल.

पायरी ८: ‘इफ’ची भावंडं

‘अनलेस’मध्ये ‘नाही’ आधीच आहे. मराठीत आपण ‘जोपर्यंत फी भरत नाही तोपर्यंत’ म्हणतो, म्हणून हात ‘अनलेस द फी इज नॉट पेड’ लिहितो आणि अर्थ उलटा होतो. बरोबर रूप: ‘अनलेस द फी इज पेड, द सर्टिफिकेट कॅनॉट बी इश्यूड.’ इथेही ‘अनलेस’च्या बाजूला ‘विल’ नाही.

‘प्रोव्हायडेड दॅट’ म्हणजे ‘या अटीवर की’. करारात छान बसतं, आणि त्याच्या बाजूला वर्तमानकाळ पुरतो. ‘इन केस’ मात्र ‘इफ’ नव्हे, निदान काळजीपूर्वक लिहिलेल्या इंग्रजीत नाही. ‘टेक ॲन अंब्रेला इन केस इट रेन्स’ म्हणजे पाऊस येवो न येवो, आधीच छत्री घ्या. तर ‘टेक ॲन अंब्रेला इफ इट रेन्स’ म्हणजे पाऊस आला तरच. ‘तसं घडल्यास’ म्हणायचं असेल तर ‘इफ’ किंवा ‘इन द इव्हेंट ऑफ’.

पायरी ९: एक पत्र दुरुस्त करून बघा

वर्गात मी नेहमी असा एक अर्ज देते. आधी स्वतः दुरुस्त करा, मग खालचं वाचा.

‘आय वुड बी शिफ्टिंग टू नागपूर नेक्स्ट मंथ. इफ यू विल ट्रान्सफर माय अकाउंट, देन आय विल बी थँकफुल. इन केस एनी फॉर्म विल बी रिक्वायर्ड, आय वुड सबमिट द सेम. अनलेस आय डू नॉट गेट द न्यू पासबुक, आय कॅनॉट गिव्ह डिटेल्स टू माय ऑफिस.’

दुरुस्त रूप:

‘आय विल बी मूव्हिंग टू नागपूर नेक्स्ट मंथ. आय वुड बी ग्रेटफुल इफ यू कुड ट्रान्सफर माय अकाउंट टू अ ब्रँच देअर. शुड अ फॉर्म बी रिक्वायर्ड, आय विल सबमिट इट ॲट वन्स. अनलेस आय रिसीव्ह द न्यू पासबुक, आय कॅनॉट गिव्ह द डिटेल्स टू माय ऑफिस.’

पहिल्या वाक्यात स्थलांतर ठरलेलं आहे, म्हणून ‘विल’. दुसऱ्यात विनंती, म्हणून ‘वुड’ आणि ‘कुड’ची जोडी. तिसऱ्यात फॉर्म लागेल की नाही ते माहीत नाही, पण लागल्यास देणार हे नक्की, म्हणून ‘शुड’ आणि ‘विल’. चौथ्यातला एक ‘नॉट’ गेला आणि पत्राचा अर्थ जागेवर आला.

आता तीन वाक्यं तुमच्यासाठी. उत्तर झाकून ठेवा.

‘अर्जासोबत दाखला जोडलेला नसल्यास अर्ज फेटाळण्यात येईल.’
‘शुड द सर्टिफिकेट नॉट बी अटॅच्ड, द ॲप्लिकेशन विल बी रिजेक्टेड.’

‘मला आधी कळवलं असतं तर मी दुसरी तारीख घेतली असती.’
‘हॅड आय बीन इन्फॉर्म्ड अर्लियर, आय वुड हॅव चोजन अनदर डेट.’

‘आपल्या शाखेत ही सोय असती तर मला शहरात यावं लागलं नसतं.’
याची उत्तरं दोन. सोय आजही नाही आणि दर महिन्याला खेप पडते, असं म्हणायचं असेल तर: ‘इफ युअर ब्रँच ऑफर्ड धिस फॅसिलिटी, आय वुड नॉट हॅव टू ट्रॅव्हल टू द सिटी.’ त्या एका दिवशी सोय नव्हती आणि ती एक खेप वाया गेली, असं म्हणायचं असेल तर: ‘इफ युअर ब्रँच हॅड ऑफर्ड धिस फॅसिलिटी, आय वुड नॉट हॅव हॅड टू ट्रॅव्हल टू द सिटी.’ मराठी वाक्य दोन्हीला तेच. पत्र पाठवण्याआधी यातलं आपलं कोणतं, ते ठरवा.